जंतूंच्या तपासणीआधी प्रगतिपुस्तक शोधा

ताई, तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाचं वाचलं. चार महिने जुलाब, वजन उतरतंय, तोंडात फोड, क्रोन्सची (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराची) शंका, आणि आता कुणीतरी सुचवलंय की आतड्यातल्या जंतूंची महागडी तपासणी करा, आजार किती गंभीर ते कळेल. माझी लेक याच वाटेने गेली, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती अँटिबायोटिकची जुनी चिठ्ठी. पहिल्या जुलाबाला डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात कोर्स दिला, चार दिवस बरं वाटलं. पुन्हा सुरू झालं की मी तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये. सहामाही तोंडावर, शाळा बुडायला नको! सहा महिन्यांत पाच कोर्स झाले. दवाखान्यात दर वेळी ‘बाहेरचं खाल्लं असेल’ एवढंच. पोरीची उंची थांबलीय हे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही नाही. याचा राग अजून जात नाही.

नंतर कळलं ते ऐका. 2014 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या, नुकतंच निदान झालेल्या आणि उपचार सुरू न झालेल्या 447 क्रोन्सच्या मुलांचा अभ्यास छापून आला. आतड्याच्या अस्तरात ई. कोलायच्या कुळातले जंतू वाढलेले, क्लॉस्ट्रिडियाच्या गटातले घटलेले, आणि हा बिघाड जितका जास्त तितका आजार तीव्र. ज्यांना अँटिबायोटिक्स मिळाली होती त्यांच्यात बिघाड आणखी मोठा. शीच्या नमुन्यात मात्र हे चित्र बरंच पुसट होतं. बिघाडामुळे आजार की आजारामुळे बिघाड, हे त्यातून ठरत नाही. पण ते वाचून मी रात्रभर जागी होते.

म्हणूनच माझं ठाम मत आहे, पटलं तर घ्या: त्या तपासणीचे पैसे वाचवा. शेकडो मुलांत दिसलेला कल एका मुलाच्या रिपोर्टवरून वाचता येत नाही. माझ्या लेकीला क्रोन्सचा उपचार म्हणून सात आठवडे फक्त डबाबंद पोषण-पेयावर ठेवलं होतं, गणपतीत मोदकसुद्धा नाही. अशा आहारात ‘चांगले’ म्हणवणारे काही जंतूही कमी होतात, तरी मूल सुधारतं. मग त्या रिपोर्टातल्या गुणांवरून काय ठरवायचं? त्यापेक्षा शीतलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी तपासणी, करा (साध्या जंतुसंसर्गातही ते वाढतं, हे लक्षात ठेवा) आणि मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे जा. कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झाली तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा काढलेला तुकडा, टीबीसाठीही पाठवली का, ते विचारा. आपल्याकडे पोटाचा टीबी आणि क्रोन्स यांची फार गल्लत होते.

लोकलमध्ये शौचालय नसतं, तेव्हा तपासणीच्या दिवशी टॅक्सीच करा.

आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. त्यात उंची-वजन लिहिलेलं असतं, फोटो काढून घेऊन जा. आमच्या परळच्या डॉक्टरांनी तेच आधी मागितलं. तिसरीच्या दोन्ही सत्रांत उंची एकच होती, 121 सेंटिमीटर, आणि दोन्हीकडे खाली माझी सही होती.