मोटर आणि जनरेटर एकच यंत्र असेल, तर पंखा हाताने फिरवून दिवा का लागत नाही?

आपण विचारले आहे की, मोटर आणि जनरेटर आतून एकच असतात असे सगळीकडे वाचायला मिळते, मग छताचा पंखा हाताने कितीही गरगरा फिरवला तरी त्याच्या तारांना जोडलेला दिवा का लागत नाही. पंख्याकडे मी शेवटी येतो. आधी त्या ‘एकच असतात’विषयी लिहितो, कारण ते अर्धवट समजलेल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी, लालबागमध्ये २८ वर्षे मोटर वाइंडिंगचे दुकान चालवणाऱ्या मला, भर सभेत चोर ठरवले होते.

‘एकच असतात’ हे खरे आहे, पण अपुरे आहे. खरी गोष्ट अशी की, चालू असलेली मोटर त्याच क्षणी जनरेटरही असते. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून प्रवाह सोडला की तार ढकलली जाते, हे फॅरडेने १८२१ साली पाऱ्यात उभ्या केलेल्या चुंबकाभोवती तार फिरवून दाखवले. आणि तार क्षेत्रातून हलली की तिच्यात व्होल्टेज तयार होते, हे त्यानेच १८३१ साली दाखवले. या दोन गोष्टी वेगवेगळ्या यंत्रांत घडत नाहीत. मोटरीची तार हलू लागली की, तिला कोण हलवते आहे याची चौकशी न करता, तिच्यात पुरवठ्याला विरोध करणारे उलटे व्होल्टेज उभे राहते. समजा, २२० व्होल्टची डीसी मोटर आहे आणि तिच्या आर्मेचरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या वेटोळ्यांचा, रोध १ ओहम आहे. ती थांबलेली असताना एकदम पुरवठा दिला तर २२० अँपिअर घुसतील. तीच वेगात आली की आतून २१० व्होल्ट उलटे तयार होतात आणि प्रवाह १० अँपिअरवर येतो. भार वाढला की वेग किंचित उतरतो, उलटे व्होल्टेज कमी होते आणि प्रवाह आपोआप वाढतो. थोडक्यात, मोटरीला जळण्यापासून वाचवतो तो तिच्याच पोटातला जनरेटर.

मुंबईकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर होती आणि त्या पद्धतीच्या गाड्या सुटताना मोटरींच्या मार्गात रोध घालावे लागत, ते वेग येईल तसतसे टप्प्याटप्प्याने काढले जात. सुरुवातीला उलटे व्होल्टेज नसते, एवढेच त्याचे कारण. आताच्या एसी पुरवठ्यावर धावणाऱ्या लोकल ब्रेक लावताना त्याच मोटरींकडून वीज बनवून वरच्या तारेत परत सोडतात. शहापूर तालुक्यातल्या घाटघर उदंचन प्रकल्पात तर १२५ मेगावॅटचे दोन संच मागणी कमी असताना मोटर होऊन पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच संच जनरेटर होतात. तेव्हा ‘हे सगळे पुस्तकी आहे’ असे कोणी म्हणाले तर मी ऐकून घेत नाही.

आता सभेची गोष्ट. काळाचौकीच्या एका सोसायटीचा तीन हॉर्सपॉवरचा थ्री फेज पंप मी भरून, म्हणजे त्याच्या मोटरीत नवे वाइंडिंग घालून, दिला होता. १९ दिवसांत तो जळाला. सचिवांनी सभा बोलावली आणि सर्वांसमोर सांगितले की, मी एकवीस नंबरऐवजी बावीस नंबरची, म्हणजे अधिक बारीक, तार भरली आणि तांबे खाल्ले. पंप अडकला असावा असे मी म्हटले तेव्हा ते हसले. त्यांचे म्हणणे असे की, वीज कामासाठी लागते, अडकलेली मोटर फिरतच नाही म्हणजे काम करीत नाही, आणि जनरेटर फिरला नाही तर वीज बनत नाही त्याचप्रमाणे मोटर फिरली नाही तर वीज खात नाही. ऐकायला हे इतके सरळ वाटते की सभेतल्या निम्म्या माना हलल्या.

मी स्टेटर, म्हणजे मोटरीचा वाइंडिंग असलेला स्थिर भाग, तिथेच टेबलावर ठेवला. जळलेले वाइंडिंग वाचता येते, हे आमच्या धंद्याबाहेर फारसे कोणाला माहीत नसते. तिन्ही फेजची कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीचा एक फेज गेला तर दोन फेजची कॉइल काळी पडतात आणि तिसरी कोरी राहते; डेल्टा असेल तर एकच काळी पडते. वेढ्यांमध्ये शॉर्ट झाला असेल तर एका जागी तांबे वितळलेला डाग दिसतो. इथे सगळी कॉइल सारखीच, कोळशासारखी काळी होती, वार्निश फुगून सुटले होते आणि स्लॉटमधला कागद बोट लावताच भुगा होत होता. तिन्ही फेजमधून प्रमाणाबाहेर प्रवाह गेल्याशिवाय असे होत नाही. मग तारेचे जळके इनॅमल खरवडून मी मायक्रोमीटर लावला: ०.८१ मिलिमीटर, म्हणजे एकवीस नंबरच. आधीच्या वाइंडिंगचा तुकडा चिठ्ठी बांधून जपून ठेवण्याची मला सवय आहे, तोही ०.८१ भरला.

त्यानंतर पंपाचे केसिंग उघडले. आदल्याच आठवड्यात टाकीची दुरुस्ती झाली होती, पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हची जाळी फाटलेली होती, आणि इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकात, बाइंडिंग वायरचा पिळा घट्ट बसला होता. स्टार्टर पाहिला तर प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले ‘सारखा पडतो’ म्हणून सचिवांच्याच वायरमनने त्याच्या संपर्कावर तार टाकून तो बाद केलेला. जी मोटर चालताना पाच अँपिअर घेते, ती अडकल्यावर सहापट घेते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे छत्तीसपट. मी खरोखर बावीस नंबर भरला असता तरी उष्णता तीस-एक टक्क्यांनीच वाढली असती. हा हिशेब मी फळ्यावर मांडला. सचिव म्हणाले, ‘फळ्यावर काहीही मांडता येते.’

इथे एक दुरुस्ती करतो, नाहीतर कोणी अभियंता मला पकडेल. उलट्या व्होल्टेजचा वरचा हिशेब नेमका लागू पडतो तो डीसी मोटरीला. पंपाची मोटर इंडक्शनची. तिचे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे फिरते आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, २८८०च्या आसपास मागून धावतो; त्याच्या दांड्यांना जाणवतो तो मधला १२० फेऱ्यांचा फरकच. रोटर अडकला की फरक थेट ३००० होतो आणि दांड्यांत व स्टेटरमध्ये प्रवाहाचा लोंढा येतो. तीच मोटर पुरवठ्याला जोडलेली ठेवून बाहेरून ३००० च्या वर फिरवली, तर ती पुरवठ्यालाच वीज परत देते.

आपल्या पंख्याचे उत्तर यातच आहे. साध्या छताच्या पंख्यात कायमचे चुंबक नसते. रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दांड्या असतात आणि चुंबकत्व पुरवठ्याकडून उसने घेतलेले असते. पुरवठा तोडला की क्षेत्र गेले, मग हाताने फिरवून कोणते क्षेत्र कापणार? नवा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंखा मात्र कायमच्या चुंबकाचा असतो. त्याची मोटर सर्किटपासून आणि विजेपासून पूर्ण सोडवून तिच्या तीन तारा मोकळ्या ठेवून फिरवा, मग तिन्ही एकत्र पिळून फिरवा. दुसऱ्या वेळी ती हाताला चिखलात फिरवल्यासारखी जड लागेल. दिवा लावायचाच असेल तर त्या तारांवर लहान एलईडी लावा, ती लुकलुकेल. पण अशा मोटरीला दुसरी मोटर जोडून फुकट वीज काढण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आणि आपल्या इमारतीचा पंप बघायला जाल तेव्हा रिलेच्या संपर्कावर तारेचा तुकडा नाही ना, हे आधी बघा. काळाचौकीचा तो पंप मी पुन्हा भरला, त्याच एकवीस नंबरने, आणि रिले पाच अँपिअरवर लावून खुणेवर लाल रंगाचा ठिपका दिला. इमारत पुनर्विकासाला जाईपर्यंत ११ वर्षे ते वाइंडिंग चालले. त्याचे अर्धे बिल अजून येणे आहे.