‘अल्फान्सो’ हे नाव मूळचं स्पॅनिश की पोर्तुगीज? त्याचा अर्थ काय?

खरं सांगायचं तर दोन्ही नाही. हे गॉथ लोकांचं, म्हणजे जर्मानिक कुळातलं नाव. ५व्या शतकात गॉथांपैकी व्हिसिगॉथ टोळ्या स्पेनकडे सरकल्या आणि ७११ पर्यंत तिथे त्यांचं राज्य टिकलं. त्यांची भाषा तिथल्या लॅटिनमध्ये विरून गेली, नावं तेवढी उरली. शेवटचा ‘फुन्स’ म्हणजे तयार, तत्पर. पहिला भाग ‘अडल’, म्हणजे कुलीन, असं बरेच जण मानतात. काही जण तिथे ‘लढाई’ बघतात. फर्नांडो, रॉड्रिगो हीसुद्धा त्याच वाटेने आलेली नावं. आपल्या गोव्यातले फर्नांडिस म्हणजे ‘फर्नांडोचा मुलगा’, त्यामुळे गॉथ तसे शेजारचेच म्हणायचे!

राजघराण्यांनी तर हे नाव घासून गुळगुळीत केलं. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो. स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या दहाव्या अल्फान्सोने १२८३ मध्ये बुद्धिबळावर सचित्र ग्रंथ करून घेतला.

आता आंबा. माझं आजोळ राजापूरकडचं. पेटीवर इंग्रजीत छापलेलं ‘अल्फान्सो’ बघून लहानपणी मला ते कंपनीचं नाव वाटायचं. प्रत्यक्षात हापूस हे त्याच नावाचं आपल्या तोंडी झालेलं रूप. पोर्तुगीज लोक शेवटचा ‘ओ’ जवळजवळ ‘उ’सारखा म्हणतात: अफोंसु. गुजरातीत अजून ‘हाफुस’ म्हणतात, त्यात तो ‘फ’ शाबूत आहे. आपण त्याचा ‘प’ करून टाकला.

हे नाव पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं, असं सगळीकडे छापलेलं असतं. मला ते पटत नाही. त्याने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५१५ मध्ये तो वारला. गोव्यात आंब्याची कलमं बांधण्याचं श्रेय ज्यांना देतात ते जेझुइट पाद्री तिथे पोचले १५४२ मध्ये. शिवाय इटालियन प्रवासी मनुची गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावं देतो, त्यात ‘निकोलाउ अफोन्सोचा आंबा’ आहे. गोव्यात ‘फर्नांदिन’ नावाचाही आंबा आहेच, आणि तो कुणा सेनापतीचा असल्याचं कुणी सांगत नाही. हापूसचा अफोन्सोही बहुधा असाच कुणीतरी बागवाला असणार.