वाचकांचे प्रश्न : भीक न मागणारा भिक्षेकरी

प्रश्न : आमच्या भागातील उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या काही माणसांना मध्यंतरी गाडीत घालून नेण्यात आले. त्यांपैकी एकजण रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहत असे. त्याला कोणापुढे हात पसरताना मी कधी पाहिले नाही. त्याला आता भिक्षेकरी गृहात ठेवले असून तेथे काम करावे लागते, असे कळले. भीक न मागणाऱ्याला असे डांबता येते का, आणि त्याच्याकडून सक्तीने काम करून घेणे कायदेशीर आहे का? दिल्लीत हा कायदा रद्द झाल्याचे वाचले होते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, दुर्दैवाने, होकारार्थी द्यावे लागते. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्यातील भीक मागण्याची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात बसण्यासाठी प्रत्यक्ष भीक मागण्याची गरजच उरत नाही. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून, भविष्य सांगून किंवा एखादी वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणे त्यात येतेच (म्हणजे डोंबारी, पोतराज, नंदीबैलवाले यांचा पिढीजात व्यवसायही या व्याख्येच्या तावडीतून सुटत नाही). परंतु ज्याच्यापाशी उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नाही आणि जो भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी फिरतो किंवा थांबतो, तोही या कायद्याच्या दृष्टीने भिक्षेकरीच असतो. अड्ड्यावर काम न मिळालेला आणि मळक्या कपड्यांत पुलाखाली झोपलेला मजूर या वर्णनात अचूक बसतो. त्याने काय केले, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही; तो कसा दिसतो, एवढ्यावर प्रकरण उभे राहते.

अशा व्यक्तीला पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. न्यायालयाने चौकशीअंती तिला भिक्षेकरी ठरवले, तर पहिल्याच वेळी किमान एक व कमाल तीन वर्षे प्रमाणित संस्थेत (म्हणजे भिक्षेकरी गृहात) ठेवण्याचा आदेश देता येतो. सुटल्यानंतर पुन्हा सापडल्यास ही किमान मुदत दोन वर्षांची होते आणि त्यानंतर पुन्हा सापडल्यास थेट दहा वर्षांची तरतूद आहे. याच्या शेजारी भारतीय न्याय संहितेतील चोरीचे कलम ठेवून पाहावे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी करणारा पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने ऐवज परत केला, तर त्याला केवळ सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. चोराला मिळणारी ही सवलत ज्याने काहीच चोरले नाही, त्याच्या वाट्याला येत नाही.

कामाच्या सक्तीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कायद्याची भाषा सुधारणेची आणि प्रशिक्षणाची आहे. मात्र संस्थेतील व्यक्तींवर अंगमेहनतीचे किंवा अन्य काम लादण्याची आणि नियमभंगाबद्दल शिक्षा करण्याची मुभा त्याच कायद्याने दिली आहे. उलट राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगार आणि तशा प्रकारच्या सक्तीच्या श्रमाला मनाई करतो. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये या अनुच्छेदाचा अर्थ विस्ताराने लावला : किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावे लागणे हेही सक्तीचे श्रम होत, कारण भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती हीसुद्धा सक्तीच असते. पुढे १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम घेणे अनुच्छेद २३ विरुद्ध नाही, परंतु त्याला न्याय्य मोबदला दिला पाहिजे, असे ठरवले. भिक्षेकरी गृहातील माणसाला सक्तमजुरीची शिक्षा झालेली नसते, तरीही आपल्या राज्यात त्याचा मेहनताना दीर्घकाळ दरमहा ५ रुपये होता! एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो प्रतिदिन ४० रुपये करण्याचा निर्णय घेतला. वाढ मोठी दिसते खरी, पण १९८२ च्या कसोटीला हा आकडाही कसा उतरणार, हे मला उमगत नाही. काम शिकवण्यास कोणाचा विरोध नसावा. बाहेर पडण्याची मोकळीक नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या कामाला प्रशिक्षण म्हणणे मात्र मला मान्य नाही.

दिल्लीबाबत आपण वाचले ते बरोबर आहे. जुन्या मुंबई राज्याचा हाच १९५९ चा कायदा दिल्लीला लागू करण्यात आला होता आणि ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्यालाच गुन्हा ठरवणाऱ्या त्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. इतरांना भीक मागायला लावणाऱ्यांना शिक्षा करणारे कलम न्यायालयाने तसेच ठेवले, आणि ते योग्यच झाले. तो निकाल दिल्लीत लागू असलेल्या कायद्यापुरता असल्याने आपल्याकडील न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र युक्तिवादात त्याचा आधार अवश्य घेता येतो. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेथील अशाच कायद्याबाबत हीच भूमिका घेतली.

आपल्या परिचयाच्या मजुरासाठी तातडीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार ताब्यात असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो ज्यांच्याकडे काम करीत असे, त्या ठेकेदाराचे किंवा घरमालकाचे लेखी निवेदन मिळाल्यास फार उपयोग होईल, कारण ‘उपजीविकेचे साधन नाही’ हा मूळ आधारच त्यामुळे ढासळतो. पुन्हा भीक मागण्याची शक्यता नाही अशी खात्री पटल्यास बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. भीक मागितली नसताना असे बंधपत्र लिहून देणे अपमानास्पद वाटेल. तथापि वर्षभराच्या स्थानबद्धतेपेक्षा तो मार्ग बरा, असा माझा सल्ला राहील.

प्रश्न : भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो, हे खरे आहे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : १९५९ च्या कायद्यात देणाऱ्याला शिक्षा नाही. आपण बहुधा इंदूर आणि भोपाळबद्दल ऐकले असावे. तेथील प्रशासनाने २०२५ मध्ये भीक देणाऱ्यांवरही कारवाईचे आदेश काढले होते. असे आदेश सार्वजनिक शांततेसाठी असलेल्या तात्पुरत्या अधिकारांखाली निघतात. नागपुरातही मार्च २०२३ मध्ये पोलीस आयुक्तांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली चौकांत भीक मागण्यास मनाई केली होती. शांतताभंगाची तातडीची भीती हा ज्या अधिकाराचा पाया आहे, तो सिग्नलवरच्या नाण्यासाठी वापरता येतो का, असा आक्षेप अशा आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात घेता येईल.