बेइमानी नेमकी कुठे होती?

नोकरी सोडून त्याच धंद्यात उतरणे ही मालकाशी बेइमानी ठरते का, हा प्रश्न म्हापशातील माझ्या समुपदेशन कक्षात बहुधा पावसाळ्यात येतो. कारण हॉटेलांचे देखभालीचे करार ऑक्टोबरच्या हंगामाआधी उरकायचे असतात, आणि स्वतःचे काही सुरू करू पाहणाऱ्यालाही तोच मुहूर्त साधायचा असतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक अनुभव सांगतो. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातील हॉटेलांचे एसी सांभाळणाऱ्या एका आस्थापनात नऊ वर्षे सुपरवायझर असलेले गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची झोप उडालेली होती. "पात्रांवांनीच (म्हणजे मालकांनीच) मला हे काम शिकवलं, सर. लग्नात वडिलांच्या जागी उभे राहिले. आता त्यांच्याच समोर दुकान थाटू?" शिवाय नोकरी सोडल्यावर दोन वर्षे गोव्यात हा व्यवसाय करणार नाही, अशी अट नेमणूकपत्रात होती.

मी वकील नाही, म्हणून ते पत्र आधी वकिलांना दाखवायला सांगितले. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार, धंद्याचा नावलौकिक विकल्याचा अपवाद सोडल्यास, व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही, असे वकिलांनी त्यांना समजावले. नोकरीच्या मुदतीतील बंदी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1967 सालच्या एका निकालात योग्य ठरवलेली आहे, हेही सांगितले.

पुढच्या भेटीत ते बरेच मोकळे झाले होते आणि बोलण्याच्या ओघात, ज्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते, तेच सांगून गेले. कांदोळीच्या एका गेस्ट हाऊसने कार्यालयात फोन करून दिलेले काम त्यांनी रविवारी परस्पर उरकले होते आणि 18,000 रुपये स्वतः घेतले होते. ग्राहकांची दरांसह यादीही कार्यालयाच्या संगणकावरून त्यांच्या मोबाइलवर आली होती. "ही गिऱ्हाइकं मीच तर सांभाळली ना?" असे त्यांचे म्हणणे.

उपकारांचे ओझे आणि निष्ठेचे कर्तव्य यांची गल्लत इथेच होते, असे मला वाटते. उद्या स्पर्धक होण्याने पात्रांव दुखावतील, पण फसवले जाणार नाहीत. फसवणूक झाली ती पगार चालू असताना त्यांच्याकडे आलेले काम वळवल्याने. हातातले कसब आणि अनुभव नोकराचाच असतो. दरांची यादी मात्र कार्यालयाची, आणि संगणकातून विनापरवाना माहिती उतरवणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 खाली भरपाईस पात्र ठरू शकते. दुकानाची जागा पाहणे, बँकेशी बोलणे ही तयारी कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या खर्चाने करण्यात मला गैर दिसले नाही. ग्राहकांशी वा सहकाऱ्यांशी बोलणी मात्र शेवटच्या दिवसानंतरच करावीत, असे मी सुचवले.

चवथ झाल्यावर त्यांनी महिन्याची नोटीस दिली, यादी पुसली आणि गेस्ट हाऊसचे पैसे कार्यालयात भरले. पात्रांव दोन दिवस बोलले नाहीत. हिशेबनीस मात्र लगेच बोलला; ही रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, हे त्याला कळेना.