तेराव्यानंतरही जा

प्रिय लेकरा,

पूरग्रस्त गावात मदतीला जायचं तू ठरवलंस. निघण्याआधी किल्लारी-सास्तूरचा भूकंपाचा पट्टा नीट समजून घे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून दमून निजलेली माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास जीव गेले. भिंती दगडाच्या आणि चांगल्या रुंद, पण आतून-बाहेरून दोन वेगळे थर, मधे चिपा नि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादऱ्यानं थर सुटले आणि माळवदाची मणामणांची माती खाली आली.

भिंतीचं एवढं सांगते, कारण वाचलेला बाप स्वतःलाच दोष देतो, ‘लेकरांना अंगणात का नाही निजवलं?’ त्यानं विचारलं तर भिंत का पडली ते त्याला समजावून सांग. विचारेपर्यंत गप्प राहा.

मानसिक प्रथमोपचारात तीन कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडा. पाहणं म्हणजे कोण जेवलं नाही, कुणाची बीपी-शुगरची गोळी वाहून गेली, कोणतं पोर एकटं आहे. ऐकताना खाली, त्यांच्याच पातळीवर बस. आधी पाणी दे. ‘कसं झालं, सांगा ना’ असं खोदून विचारू नकोस. बळेच बोलतं केलं की जखम पुन्हा उघडी पडते. ‘देवाची मर्जी’, ‘तू तरी वाचलीस’ हे तर चुकूनही नको. ‘मी इथंच आहे’ एवढं पुरे. रडणाऱ्या पोराचा फोटो काढू नकोस.

जोडणं सगळ्यात किचकट, आणि खरी मदत बहुतेक तिथंच होते. एक वही कर, घरटी एक पान. पंचनामा झाला का, मेलेल्या जनावरांची नोंद त्यात आहे का, आधार, रेशनकार्ड, पासबुक यांतलं काय वाहून गेलं, सगळं लिही. भरपाईच्या पैशावरून भावकीत तेढ येते आणि विधवा मागं पडते. वारस म्हणून तिचं नाव लागलं का, पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येणार का, हे तिच्याबरोबर तलाठ्याकडे जाऊन बघ. तिच्या वतीनं परस्पर ठरवू मात्र नकोस.

झोप न लागणं, पावसाच्या आवाजानं दचकणं पहिल्या महिन्यात बहुतेकांना होतं. ते वेड नव्हे. महिना उलटूनही माणूस शेताकडे फिरकत नसेल तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘जगून काय करू’ अशी भाषा आली तर महिन्याची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडू नकोस, तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव.

गाव उठवून दुसरीकडे वसवायची वेळ आली तर आधी विचार: शेजार कुणाचा हवा, गोठा कुठं, शेत किती लांब पडेल? भूकंपानंतरच्या नव्या वसाहतींत सरळ रुंद रस्ते आले, पण गल्ली फुटली, ओसरीवरची बैठक मोडली. म्हाताऱ्यांना ते फार जड गेलं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. मग पाव्हणे परततात, अन्नछत्र बंद होतं, गाड्या यायच्या थांबतात. तेव्हा जा. वर्षश्राद्धाच्या आठवड्यातही जा, कारण ती तिथी जवळ आली की झोप पुन्हा उडते. जाताना वही घे आणि राहिलेली पानं त्यांच्यासमोर उघड.

तुझी,
ताई