शंका-समाधान: सेशनमधलं सामान दुसऱ्या सर्व्हरवर का पोचत नाही?

प्रश्न : आमचं पतसंस्थेचं जावा ॲप्लिकेशन टॉमकॅट ९ वर (जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा प्रोग्राम) एकाच सर्व्हरवर वर्षानुवर्षं निमूट चाललं. आता दोन सर्व्हर केले, पुढे लोड बॅलन्सर (येणारं काम दोन्हींत वाटणारा) लावला, वेब डॉट एक्सएमएलमध्ये ‘डिस्ट्रिब्युटेबल’ टॅग घातला. तेव्हापासून लॉगमध्ये नॉट-सिरियलायझेबल-एक्सेप्शन येतंय, आणि त्यात नाव आहे कनेक्शन पूलच्या (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) क्लासचं! सेशनमध्ये (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरने धरून ठेवलेली माहिती) आम्ही फक्त ‘कर्जअर्ज’ ठेवतो, आणि तो क्लास सिरियलायझेबल (बाइट्समध्ये लिहून परत वाचता येईल असा) आहे.
(एक वाचक, विजयनगर, इंदूर)

उत्तर : एकच सर्व्हर चालू असतो तोवर सेशनमधला ऑब्जेक्ट मेमरीतच पडून असतो, त्याचे बाइट्स करायची वेळ सहसा येत नाही. म्हणजे चूक तेव्हाही होतीच, फक्त कुणी विचारत नव्हतं.

डिस्ट्रिब्युटेबल टॅग असला की टॉमकॅट सेटॲट्रिब्यूटच्या वेळी तपासणी करतो, पण ती फक्त सगळ्यात वरच्या ऑब्जेक्टची. तो सिरियलायझेबल नसेल तर तिथल्या तिथे इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन येतं. हे बरं, कारण ओळ नंबरासकट सापडतं. तुमचा ‘कर्जअर्ज’ या दारातून आत गेला. पुढे रिप्लिकेशनच्या (दुसऱ्या सर्व्हरवर प्रत पाठवण्याच्या) वेळी त्याचं प्रत्येक फील्ड, त्या फील्डच्या आतली फील्डं, असं शेवटपर्यंत लिहिलं जातं. बहुतेक ‘कर्जअर्ज’मध्ये एखादी सर्व्हिस आहे, सर्व्हिसमध्ये डेटासोर्स आणि डेटासोर्समध्ये तो पूल.

अंदाज करत बसू नका. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधल्या सेटईएनव्ही फाइलीत, कॅटलिना-ऑप्ट्समध्ये, ‘सन डॉट आयओ डॉट सिरियलायझेशन डॉट एक्सटेंडेडडीबगइन्फो’ ही सिस्टिम प्रॉपर्टी मायनस-डी लावून ट्रू करा आणि टॉमकॅट पुन्हा सुरू करा. आता एक्सेप्शनखाली पूर्ण साखळी छापली जाईल : वर सगळ्यात आतलं फील्ड, त्याखाली ते ज्या ऑब्जेक्टमध्ये आहे तो, आणि तळाशी ‘रूट ऑब्जेक्ट’. खालून वर वाचत गेलात की नको ते फील्ड कुठे शिरलं ते दिसतं. एक सावधगिरी : साखळीतल्या प्रत्येक ऑब्जेक्टचं टूस्ट्रिंग लॉगमध्ये उतरतं. पतसंस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये म्हणजे सभासदाचं नाव आणि खातेनंबरसुद्धा. त्यामुळे हे टेस्ट सर्व्हरवरच करा आणि काम झालं की काढून टाका.

सापडल्यावर बहुतेक जण त्या फील्डला ‘ट्रान्झियंट’ (हे फील्ड बाइट्समध्ये लिहू नको, असं सांगणारा शब्द) लावून मोकळे होतात. एक्सेप्शन जातं खरं, पण दुसऱ्या सर्व्हरवर ते फील्ड नल येतं. फील्डसमोरच बरोबरचं चिन्ह घालून किंमत दिली असली तरी नलच, कारण परत वाचताना सिरियलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. मग सोमवारी सकाळी नल-पॉइंटर येतं आणि दोष नेटवर्कला जातो. ट्रान्झियंट ठेवायचंच असेल तर रीडऑब्जेक्ट मेथड लिहून ते फील्ड तिथे भरा. आमचं मत विचाराल तर सर्व्हिस त्या क्लासमध्ये असूच नये. सेशनमध्ये अर्जाचा नंबर, सभासदाचा आयडी आणि अर्धवट भरलेल्या रकान्यांचा एक साधा क्लास एवढंच ठेवा. बाकी लागेल तेव्हा डेटाबेसमधून आणा. हायबरनेटची (डेटाबेसमधल्या नोंदींचे जावा ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) एंटिटी ठेवणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू आहे : लेझी (गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून भरलं जाणारं) कलेक्शन दुसऱ्या सर्व्हरवर पोचतं, पण तिथे हायबरनेटचं सेशन नसतं, आणि पहिल्याच लूपला लेझी-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन येतं.

साखळीत सर्व्हिस दिसली नाही तर हे संशयित बघा : अरेलिस्टचं सबलिस्ट, हॅशमॅपचं कीसेट किंवा व्हॅल्यूज (मूळ लिस्ट आणि मॅप सिरियलायझेबल, हे तुकडे मात्र नाहीत; नव्या अरेलिस्टमध्ये कॉपी करून ठेवा), ऑप्शनल प्रकारचं फील्ड, ट्रीमॅपला दिलेला लॅम्डा कंपॅरेटर, आणि स्टॅटिक नसलेला आतला क्लास. हा शेवटचा फार छळतो. तो बाहेरच्या ऑब्जेक्टचा धागा गुपचूप धरून असतो, त्यामुळे कोडमध्ये कुठेच न लिहिलेलं फील्ड साखळीत दिसतं.

प्रश्न : सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा वेगवान डेटासाठा) ठेवतो, स्प्रिंग सेशन ही लायब्ररी वापरून. दर रिलीजनंतर ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ म्हणत इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन येतं. रेडिस रिकामं केलं की थांबतं, पण सगळे लॉगआउट होतात.
(सुपर कॉरिडॉरवरून एक वाचक)

उत्तर : क्लासमध्ये सिरियल-व्हर्जन-यूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा आकडा) लिहिलेला नसला की जावा तो स्वतः काढते : क्लासचं नाव, इंटरफेस, फील्डं, मेथड्स यांवरून. एक पब्लिक मेथड वाढवली तरी आकडा बदलतो.

आता त्या क्लासमध्ये घाईघाईने १ लिहू नका. रेडिसमध्ये पडलेल्या सेशनांवर जुना आकडा आहे. तो एक्सेप्शनच्या मजकुरातच मिळतो, ‘स्ट्रीम क्लासडेस्क’पुढे, किंवा जेडीकेसोबत येणारं ‘सिरियलव्हर’ जुन्या जारवर चालवा. तोच आकडा क्लासच्या नव्या आवृत्तीत टाका, मायनसचं चिन्ह असेल तर त्यासकट. नव्याने लिहिलेल्या क्लासना १ चालेल.

आकडा स्थिर केला म्हणजे काहीही बदलायची मुभा मिळाली असं नाही. फील्ड वाढवलं तर जुन्या सेशनमध्ये ते नल किंवा शून्य येतं, काढलं तर जुनी किंमत टाकून दिली जाते. इंटचं लाँग केलंत तर पुन्हा एक्सेप्शन. सगळ्यात वाईट म्हणजे फील्डचं नाव बदलणं : काहीच ओरड होत नाही, फक्त किंमत गायब. जुनी आणि नवी आवृत्ती काही वेळ एकत्र चालणार असेल तर नव्याने लिहिलेलं जुनीलाही वाचता यायला हवं, हेही बघा.

स्प्रिंग सिक्युरिटीची (लॉगिन सांभाळणारी लायब्ररी) आवृत्ती बदलली की हा उपाय चालेलच असं नाही. ६.३ च्या आधीच्या आवृत्त्यांत तिचे क्लास आपला आकडा आवृत्तीप्रमाणे बदलत, तो आपल्या हातात नाही. अशा रिलीजला स्प्रिंग सेशनचा रेडिस नेमस्पेस (रेडिसमधल्या नावांआधी लागणारा शब्द) बदला. लोकांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, पण एररचं पान दिसणार नाही. हे काम कमी गर्दीच्या वेळी काढा; अनंत चतुर्दशीला अर्धं इंदूर झांक्या बघायला बाहेर असतं, पण तेव्हा सपोर्टची माणसंही तिथेच असतात.

मजकुरात ‘फिल्टर स्टेटस : रिजेक्टेड’ असेल तर नाव इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शनच, कारण मात्र वेगळं. जावा ९ पासून आलेल्या सिरियलायझेशन फिल्टरने तो क्लास अडवला आहे. फिल्टर बंद करू नका, त्याच्या परवानगीच्या यादीत तेवढा क्लास घाला.

प्रश्न : एक्सेप्शन एकही नाही, तरी दुसऱ्या नोडवर (क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरवर) बास्केटमध्ये जुनाच माल दिसतो.

उत्तर : गेटॲट्रिब्यूटने लिस्ट घेतली, तिच्यात ॲड केलं आणि सोडून दिलं, असं झालं असणार. टॉमकॅटच्या डेल्टा मॅनेजरला (सेशनमधले बदल दुसऱ्या नोडवर पाठवणारा भाग) हा बदल कळत नाही. बदलानंतर पुन्हा सेटॲट्रिब्यूट करा. वेबस्फिअरमध्येही (आयबीएमचा असाच जावा सर्व्हर) ‘फक्त बदललेले ॲट्रिब्यूट’ निवडलेलं असेल तर हेच.

प्रश्न : हे सगळं क्लस्टरवर जायच्या आधी डेव्हलपरच्या मशीनवरच पकडता येईल का?

उत्तर : येईल. एचटीटीपी-सेशन-ॲट्रिब्यूट-लिसनर (सेशनमध्ये काही ठेवलं की सर्व्हर आपोआप बोलावतो तो क्लास) लिहा. ॲट्रिब्यूट आला की तो ऑब्जेक्ट-आउटपुट-स्ट्रीमने बाइट अरेमध्ये लिहा, लगेच परत वाचा, आणि नावासोबत किती बाइट झाले ते लॉग करा. नुसतं लिहून थांबू नका, काही चुका वाचतानाच उघड्या पडतात. दोन ठिकाणी फसगत होते. ॲट्रिब्यूट-रिप्लेस्डमध्ये इव्हेंटची गेटव्हॅल्यू जुनी किंमत देते. नवी हवी तर इव्हेंटमधल्या सेशनकडून नावाने मागा. दुसरं, लिसनरमधून एक्सेप्शन फेकून टेस्ट फेल होईल ही आशा धरू नका. टॉमकॅट ते पकडतो, लॉगमध्ये लिहितो आणि पुढे जातो. म्हणून आपली एक ठरावीक खूण लॉगमध्ये छापा, आणि टेस्ट संपल्यावर बिल्डने ती शोधावी. सापडली तर बिल्ड लाल.