ओट्याला आधी पाणी पाजून बघा

ह्या वेळी आलेल्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त सीलरचेच आहेत (दगडाने, सांध्यांनी पाणी आणि डाग पिऊ नयेत म्हणून लावायचं द्रव ते सीलर), काही ओट्याच्या ग्रॅनाइटचे, काही टाईल्सच्या सांध्यांचे, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेतेय. सारखे प्रश्न होते ते एकात जोडून टाकलेत.

प्रश्न : ताई, ग्रॅनाइटचा नवीन ओटा बसवलाय. मिस्त्री म्हणतात ग्रॅनाइटला काही लागत नाही, दुकानदार म्हणतो दर सहा महिन्यांनी सीलर मारलाच पाहिजे. ऐकायचं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही नाही, दगडाचं ऐका. दोघंही तुमचा दगड न बघता बोलतायत. कसंय, क्वार्ट्ज, फेल्डस्पार आणि थोडं अभ्रक असलेला खरा ग्रॅनाइट असतोच, पण गॅब्रो, डोलेराइट, नाइस हे सगळे दगडसुद्धा बाजारात आले की ग्रॅनाइटच होतात. काळाकुळकुळीत जो असतो तो बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट, आणि तो इतका घट्ट असतो की सीलर आत शिरायला जागाच नसते. पांढरट, पिवळसर, मोठ्या दाण्याच्या दगडांपैकी काही मात्र पाणी बऱ्यापैकी पितात. तसा हा दगड मुळात कमीच पिणारा, इमारतीच्या ग्रॅनाइटसाठी अमेरिकेचं एएसटीएम सी ६१५ नावाचं स्टँडर्ड आहे त्यात पाणी शोषायची मर्यादा वजनाच्या ०.४० टक्के धरलीय.

आता टेस्ट. ओटा स्वच्छ पुसून रात्रभर कोरडा राहू द्या, मग चारपाच ठिकाणी चमचाभर पाणी टाका, एक सिंकजवळ, एक शेगडीजवळ, बाकी कुठेही, आणि घड्याळ लावून बसा. दोनचार मिनिटांत दगड काळपट पडला तर तो तहानलेला आहे, सीलरचे दोन हात तरी लागतील. दहापंधरा मिनिटांनी पाणी पुसल्यावर पुसट डाग दिसला तर एक हात पुरेल. आणि अर्धा तास झाला तरी काहीच फरक नाही, तर पैसे वाचले, बाटली घेऊच नका. तेलाचीही टेस्ट करतात पण ती ओट्यावर नको, कापून उरलेला तुकडा असेल तर त्यावर करा, नाहीतर टेस्टचाच डाग कायमचा बसेल.

आणखी एक, त्याच तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब पाच मिनिटं ठेवा. पुसल्यावर तिथली चमक गेली असेल तर दगडात कॅल्साइट आहे, म्हणजे ग्रॅनाइट म्हणून संगमरवराच्या कुळातलं काहीतरी गळ्यात मारलंय. तिथे कुठलाही सीलर लावा, आंबटाने चमक जायची ती जाणारच, कारण सीलर डाग मुरू देत नाही एवढंच त्याचं काम, आम्ल वरच्या वर पॉलिश खातं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

प्रश्न : पाण्याची टेस्ट केली, दगड पाणी पितोय. पण बाटल्या इतक्या प्रकारच्या आहेत, सॉल्व्हंट बेस, वॉटर बेस, नॅनो, एकावर तर १५ वर्षांची गॅरंटी लिहिलीय. कोणती घेऊ?

उत्तर : बाटलीच्या पुढचं लेबल सोडा, मागचं बारीक अक्षरातलं वाचा. पहिला प्रश्न, हा वर थर धरणारा आहे की आत मुरणारा? ॲक्रिलिक, युरेथेन, मेण हे वर बसणारे. ओट्यावर हे अजिबात नकोत. गरम भांडं ठेवलं, सुरी घासली, रोज पुसलं, की ओरखडे पडतात, पापुद्रे निघतात, आणि खालून ओल आली तर थराखाली अडकून पांढरट ढग दिसायला लागतात. ओट्याला आत मुरणाराच हवा, त्याला इम्प्रेग्नेटर म्हणतात. तो छिद्रांच्या भिंतींना आतून चिकटतो, छिद्रं बुजवत नाही, म्हणून वाफ बाहेर जाऊ शकते पण पाणी आत ओढलं जात नाही.

आत मुरणाऱ्यांतही दोन जाती आहेत आणि खरी निवड इथेच आहे. सिलेन आणि सिलॉक्सेन हे सिलिकॉनच्या घरातले, सिलेनचा रेणू लहान म्हणून जास्त खोल जातो, दोन्ही पाण्याला छान परतवतात पण तेलापुढे कमी पडतात. दुसरे फ्लोरोपॉलिमरचे, ते पाणी आणि तेल दोन्ही परतवतात. कारण सोपंय, पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे न पसरता थेंब धरून राहायची ओढ, ७२ मिलीन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो आणि खायच्या तेलाचा ३० ते ३५ च्या दरम्यान, म्हणजे तेल मुळातच पसरायला उतावळं, त्याला अडवायला त्याच्यापेक्षा बराच कमी ताण असलेला पृष्ठभाग लागतो आणि तो फ्लोरिनवाल्या रसायनात मिळतो. स्वयंपाकाचा ओटा म्हणजे तेलाशी रोजची गाठ, म्हणून लेबलवर पाणी आणि तेल दोन्हींपासून संरक्षण असं स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं वॉटर रिपेलंट लिहिलंय तर ते बाहेरच्या भिंतीला ठीक आहे.

फ्लोरिनवाल्यांची एक दुसरी बाजूपण आहे, ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत. त्यांच्याच कुळातलं पीएफओएस हे रसायन स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात न मोडणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत २००९ मध्ये आलं, पीएफओए हे दुसरं २०१९ मध्ये, त्यामुळे आता कंपन्या कार्बनच्या छोट्या साखळीची वापरतात. तुम्हाला हे नकोच असेल तर सिलॉक्सेनवाला लावा आणि तेल सांडलं की लगेच पुसा, चालतं, खरंच चालतं. फक्त काहीही झालं तरी फवारा मारून लावायचं नाही. फ्लोरिनवाले स्प्रे बंद खोलीत श्वासात गेल्याने लोकांच्या फुप्फुसांना इजा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. फडक्याने नाहीतर ब्रशने लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि सॉल्व्हंट बेस असेल तर आसपास शेगडी, काडी, काहीही पेटतं नको.

सॉल्व्हंट की वॉटर म्हणाल तर घट्ट दगडात सॉल्व्हंटवाला जरा बरा शिरतो, वॉटरवाल्याला वास कमी आणि पेट घ्यायची भीती नाही. दगड खरंच पिणारा असेल तर दोन्ही चालतात. नॅनो ह्या शब्दाचं म्हणाल तर दगडाची छिद्रं मुळातच इतकी बारीक असतात की कुठलाही आत मुरणारा सीलर बारीकच असावा लागतो, त्यामुळे त्या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नका. आणि १५ वर्षांची गॅरंटी, बरं, खालच्या अटी वाचा. साबण, घासणी, गरमी ह्यावर सगळं अवलंबून आहे, काही ओटे वर्षभरात परत पाणी पितात काही पाच वर्षं हू की चू करत नाहीत. दर वर्षी एकदा चमचाभर पाणी टाकून बघितलं की गॅरंटीकार्ड शोधायची वेळच येत नाही.

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटला सीलर लावला, आता सगळीकडे पांढरट धुरकट पट्टे आलेत, बोट फिरवलं तरी रेघ उमटते. दगड खराब झाला का?

उत्तर : दगडाला काही झालेलं नाही, जास्तीचा सीलर आत न शिरता वरच वाळलाय. हा पराक्रम मी स्वतः केलाय. काळा दगड, वर भरपूर ओतला, दहा मिनिटांनी पुसायचं होतं तेवढ्यात कोणाचातरी फोन आला, परत आले तर तास उलटून गेलेला. त्या ओट्याला सीलरची गरजच नव्हती हे तर मला त्यानंतर कळलं.

उपाय असा, तोच सीलर थोडासा पट्ट्यांवर परत लावा, एका वेळी हातभर जागा घ्या, फडक्याने चोळा, वाळलेला थर नरम झाला की लगेच कोरड्या सुती फडक्याने जोर लावून पुसा, आणि फडकी बदलत राहा. बहुतेक वेळा एवढ्याने जातं. नाही गेलं तर सॉल्व्हंटवाल्या सीलरसाठी ॲसिटोन चालतं, पण आधी कोपऱ्यात बघा, पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन चोळल्यावर फडकं काळं झालं तर थांबा, दगड रंगवून काळा केलेला आहे. असेही विकतात.

प्रश्न : टाईल्सचे सांधे नवीन भरलेत. त्यावर सीलर लावायचा का, कधी, आणि टाईल्सवर सांडला तर?

उत्तर : ओट्यापेक्षा सीलरची खरी गरज सांध्यांना असते आणि लोक नेमकं तेच विसरतात. पण आधी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, कुठलं भरलंय ते पाकिटावर बघा. युरोपच्या ईएन १३८८८ ह्या स्टँडर्डप्रमाणे सीजी लिहिलं असेल तर सिमेंटचं, आरजी लिहिलं असेल तर इपॉक्सीसारखं रेझिनचं. आरजी असेल तर हा प्रश्न संपला, त्याला सीलर लागत नाही आणि लावला तरी आत जाणार नाही. सीजी २ आणि पुढे डब्ल्यू असेल तर ते पाणी कमी शोषणारं आहे, त्याचीही आधी थेंब टाकून परीक्षा घ्या. साधं सिमेंटचं ग्राउट मात्र भोकाभोकाचं असतं, चहा सांडला की पिऊन बसतं.

घाई करू नका. ग्राउट नीट घट्ट होऊन कोरडं व्हायला निदान तीन दिवस द्या, काही पाकिटांवर त्याहून खूप जास्त, अगदी २८ दिवसांपर्यंतही लिहिलेलं असतं, तर जे लिहिलंय ते पाळा. सांध्यावर पांढरी पावडर येत असेल तर अजून आतून ओल येतेय, सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथे कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. त्यावर सीलर मारून ओल थांबत नाही, आधी ती कुठून येते ते शोधा.

लावायला बारीक ब्रश घ्या, सांध्यातच फिरवा, पाचदहा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, हवं तर दुसरा हात, आणि मग दिवसभर पाणी लागू देऊ नका. ग्लेझ असलेल्या किंवा व्हिट्रिफाइड टाईलवर सांडला तर आत काही जात नाही (आयएसओ १३००६ प्रमाणे सगळ्यात घट्ट गटातल्या टाईलचं शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं), फक्त वाळायच्या आत पुसा, नाहीतर वरच्या काळ्या ओट्यासारखी गत. टाईल्सच्या जागी पाणी पिणारा नैसर्गिक दगड असेल तर सांधे भरायच्या आधीच दगडाला एक हात द्या, म्हणजे रंगीत ग्राउट दगडाच्या कडेत मुरत नाही. हे नंतर सुचून काही उपयोग नसतो.

आणि ज्यांनी जुने काळे पडलेले सांधे कसे पांढरे करू विचारलंय त्यांना, बिनरंगी सीलरने मळ आत पॅक होईल फक्त. आधी घासून काढा, तरी नाही गेलं तर ग्राउटला लावायचा रंगीत सीलर मिळतो तो लावा.

प्रश्न : बाथरूमचं पाणी खालच्या छताला झिरपतंय. सांध्यांना सीलर मारला तर थांबेल ना?

उत्तर : नाही हो. सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, ते टाईलच्या खाली असतं आणि गळतंय म्हणजे बहुधा तेच फाटलंय किंवा पाइपचा जोड गेलाय. सीलर फक्त पाणी आत ओढलं जाणं कमी करतो, तडा गेलेला सांधा तो भरत नाही. भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा हलतो, तिथे सिमेंटचं ग्राउट फुटणारच, तिथे सिलिकॉन सीलंट भरतात. सीलंट आणि सीलर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लंबरला बोलवा.

प्रश्न : ओट्यावर तेलाचा काळा डाग आहे. त्यावरून सीलर मारला तर निदान वाढणार तरी नाही?

उत्तर : वाढणार नाही, पण निघणारही नाही, आत कायमचा राहील. आधी पोटीस लावा, खायचा सोडा ॲसिटोनमध्ये कालवून घट्ट लेप करा, डागावर बोटभर जाड थापा, वर प्लॅस्टिक चिकटवून कडा बंद करा, दिवसभर ठेवा, मग प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू द्या. वाळताना तेल वर ओढलं जातं. जुना डाग दोनतीनदा करावं लागेल. डाग गेला की दगड पूर्ण कोरडा होऊ द्या आणि मग सीलर. गंज घालवायचं क्लीनर वापरू नका, त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं आणि ते ग्रॅनाइटलाच खातं, हाताला तर विचारूच नका.

प्रश्न : आमचा ओटा क्वार्ट्जचा आहे, वरचं सगळं त्याला लागू आहे का?

उत्तर : नाही. तो दगडाची पूड आणि रेझिन मिसळून केलेला असतो, त्याला सीलर लावायचाच नाही. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, आणि गरम भांडं थेट ठेवू नका, रेझिन जळतं.